शेजारणींची पार्सलं

आमच्या सोसायटीत बारा बिऱ्हाडं आहेत आणि त्यातल्या सात घरच्या बायकांची पार्सलं माझ्या दारात येतात. मी काही दुकान काढलेलं नाही, की कुठल्या कंपनीची एजन्सी घेतलेली नाही. मी विधवा आहे, एवढीच माझी पात्रता.

यजमान जाऊन चार वर्षं झाली. मी स्वतः सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केली. पेन्शन माझ्या खात्यात येते, मोबाइल माझ्या नावावर आहे, आणि बेल वाजली की 'कोण आलंय गो?' असं आतून विचारणारं घरात कुणी नाही. मुलगा पुण्याला असतो, तो रविवारी फोन करतो. या सगळ्याचा उपयोग काय, हे माझ्याआधी शेजारणींच्या लक्षात आलं. तेराव्याचे पाहुणे जाऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच पहिल्या मजल्यावरची सेक्रेटरीणबाई वर आली. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको. पण पद आपलंच आहे अशी तिची ठाम समजूत आहे. तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "काकू, एका दृष्टीने तुमचं बरं आहे हो. तुम्हाला विचारणारं कुणी नाही." मग पदर खाली आला आणि फोन पुढे आला. "एवढा एक गाउन तुमच्या नावावर मागवाल का?"

गाउन म्हणजे घरात घालायचा साधा, गळ्यापासून पायापर्यंत झाकणारा. त्यात लपवण्यासारखं काय, हे मला कळेना. पण तिच्या घरी पार्सल आलं की सेक्रेटरी ते स्वतः फोडतो, वस्तू उजेडात धरून बघतो आणि विचारतो, "गरज होती का?" हा प्रश्न तो स्वतःच्या तिसऱ्या स्पीकरबद्दल विचारत नाही. म्हणून गाउन माझ्या नावावर आला. घ्यायला येताना बाई बाजारपेठेतल्या कापडदुकानाची जुनी पिशवी घडी करून कमरेला खोचून आली. नवा गाउन तिने जुन्या पिशवीत घातला, वरचं कंपनीचं प्लॅस्टिक माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि जिना उतरून घरी सांगितलं की आठवडा बाजारात स्वस्तात मिळाला. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या होत्या. स्वतःच्याच घरात स्वतःचाच गाउन चोरून आणणारी पहिल्यांदा पाहिली.

मग रांग लागली. दुसऱ्या मजल्यावर एकीचा नवरा बोटीवर असतो. नऊ महिने तो समुद्रावर, आणि घरात सासू. या बाईला पर्सचं वेड. तिच्या पाच पर्सा माझ्या कपाटात, माझ्या यजमानांच्या कोटांच्या जागी टांगलेल्या आहेत. कुणाकडे लग्न असलं की ती वर येते, एक निवडते आणि घरी सांगते, "काकूंची मागून आणली." परत आली की मुकाट्याने आणून टांगते. स्वतःचीच पर्स माझ्याकडून उसनी नेणारी ही बाई पदवीधर आहे, इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि मुलींनी आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे असं त्यांना सांगते. सासूसुद्धा काही बावळट नाही. तिने एकदा जिन्यात मला गाठून विचारलं, "तुमच्याकडे एवढ्या पर्सा कशाला गो? जाता कुठे तुम्ही?" मी म्हटलं, "हौस हो, दुसरं काय." म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. विधवेला पर्सची हौस, हे तिने त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं.

ऑनलाइन खरेदीमुळे आमच्यासारख्या लहान गावांतल्या बायका मोकळ्या झाल्या असं पेपरात छापून येतं. लिहिणाऱ्यांनी एक दिवस माझ्या दारात येऊन बसावं. अर्धं खरं आहे ते, मी नाकारत नाही. पूर्वी आतले कपडे घ्यायला बाजारात जायचं म्हणजे शिक्षा असायची. काउंटरमागे बाप्या. तो मापही विचारायचा नाही. नजरेनेच ठरवायचा आणि माळ्याकडे तोंड करून रंगासकट मोठ्याने ओरडायचा. मग पेपरात गुंडाळून असं द्यायचा की जणू आपण त्याच्याकडून गांजा घेतोय. त्या नजरेतून फोनने सोडवलं, हे मान्य. पण नजरेतून सुटलेल्या आमच्या बायकांनी पहिलं काम काय केलं, तर फोनच नवऱ्याच्या नंबराला बांधून टाकला. 'ह्यांचाच नंबर दिलाय, मला नाय कळत त्यातलं.' काय नाही कळत? दोनशे माणसांच्या जेवणाला किती तांदूळ लागतो हे जिला तोंडपाठ, तिला सहा आकडे टिपता येत नाहीत? कळतं सगळं. न कळण्यात शोभा आहे असं शिकवलंय, म्हणून कळत नाही.

आणि हळदीकुंकू. संक्रांत जवळ आली की वाण म्हणून लुटायच्या वस्तू घाऊक मागवाव्या लागतात. चाळीस गाळण्या, चाळीस डब्या, एका वर्षी तर चाळीस सेलफोन-स्टँड. हे खोके माझ्या दारात यायचे, कारण घरी आले तर नवरे 'एवढं कशाला' म्हणणार. माझ्या फोनवर नंबर यायचा, तो मी सांगायचे, खोका मी सोडवायचे, वस्तू मोजून सेक्रेटरीणबाईच्या घरी जायच्या. आणि त्या दिवशी संध्याकाळी खालून अत्तराचा वास आणि उखाण्यांचे आवाज वर येत असताना मी गॅलरीत बसून कणीस खायचे. मला बोलावणं नसे. विधवेचा ओटीपी चालतो, विधवा चालत नाही. तीन वर्षं मी यावर मनसोक्त हसले. खोटं कशाला बोलू, तीनही वर्षं त्या दिवशी मला कणीस गोड लागलं नाही.

तळमजल्यावरची मुलगी मात्र माझ्याकडून काही मागवत नसे. मुलगी म्हणजे सून, तिशीही न गाठलेली. देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं माहेर. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही, घरात सासू, आणि नवरा मुंबईला कुठल्याशा कंपनीत. तो गणपतीला आणि शिमग्याला दोन-दोन दिवस यायचा, खुर्ची टाकून पार्किंगमध्ये बसायचा आणि मुंबईबद्दल बोलायचा. ही इतरांचे खोके माझ्याकडून खाली पोचवायची. गुडघ्यांमुळे मला जिना जड जातो म्हणून तिने ते आपणहून अंगावर घेतलं होतं. तिला कुणी ते सांगितलं नव्हतं, आणि कुणी कधी आभारही मानले नव्हते.

तिची खरेदी नवऱ्याच्या खात्यावरून व्हायची. त्यानेच एका गणपतीत तिच्या फोनवर ॲप घालून दिलं होतं, नंबर स्वतःचा. उद्देश उघड होता. बायको काय बघते, काय घेते, ते मुंबईत बसून कळावं. हिने नुसती छत्री बघितली तरी तिथून फोन, "छत्री कशाला? हाय ती काय झाली?" एकदा हिने आतले कपडे मागवले, तर नंबर सांगण्याआधी त्याने विचारलं, "आधीचे फाटले कशे?" हे तिने मला हसत सांगितलं होतं. मी हसले नाही. बायकोचे कपडे फाटतात कसे याची चौकशी करणारा हा माणूस तिला सहा वर्षांत मुंबईला एकदाही घेऊन गेला नव्हता. 'खोली लहान हाय', एवढंच उत्तर.

मार्गशीर्षात एका दुपारी ती वर आली. सासू मिरकरवाड्याला मासळी आणायला गेली की तिला तासभर मोकळा मिळायचा. हातात कुकरची रबरी रिंग होती. "काकू, ही लहान आली वो. परत कशी करायची? त्येंना विचारलं तर वराडतील, माप त्येंनीच घातलं होतं."

मी चष्मा लावला आणि तिचा फोन घेतला. तिने त्या ॲपमध्ये कधी खाली-वर बघितलंच नव्हतं. आपण कुठे बोट लावलं ते त्याला दिसतं, एवढंच तिला माहीत. म्हणून तो पाठवेल त्याच वस्तूवर ती बोट लावायची. मी आधीच्या ऑर्डरींची यादी उघडली. वर रिंग होती. तिच्याखाली तान्ह्या बाळाची दुपटी आणि झबली. त्याच्याखाली कापडी फुलांचे दागिने, हिरवे-पिवळे, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा, आणि सोबत 'पेढा की बर्फी' लिहिलेली पाटी. डोहाळजेवणाचा सगळा संच. आणखी खाली बारीक मण्यांचं रोज घालायचं मंगळसूत्र. पोचवण्याचा पत्ता नालासोपाऱ्याचा. घेणाऱ्याच्या नावाच्या जागी एका बाईचं नाव आणि त्यापुढे ह्याचंच आडनाव.

बायकोवर नजर ठेवायला त्याने खिडकी पाडली, आणि खिडकीतून दोन्हीकडचं दिसतं हे त्या गाढवाच्या डोक्यात आलं नाही. बायकोला काय कळतंय, या एका भरवशावर त्याने दुसऱ्या बाईचं डोहाळजेवण पहिल्या बायकोच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलं होतं. मला संताप आला, आणि त्याहून जास्त किळस आली. पाप करायचं तर नीट लपवायची तरी अक्कल हवी.

मुलीने फोन हातात घेऊन ती फुलं मोठी करून बघितली. मग तारीख बघितली. बराच वेळ ती बोटांवर काही मोजत होती. "काकू, दिवाळीच्या आधी सासू मुंबईला गेलेली. डोळ्याचं ऑपरेशन हाय म्हणून. आठ दिवस ऱ्हायली. चष्मा तोच घालून आली."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडलीच नव्हती. फोन माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, "आधी रिंग परत करायची ती करा. रात्री डाळ शिजवायची हाय."

त्याच संध्याकाळी तिने सासूला विचारलं. सासू पापलेटं साफ करत होती. ते ऐकायला मी नव्हते, पण भिंती पातळ आहेत आणि आमच्याकडे कान जाड कुणाचेच नाहीत. सासू म्हणाली, "मग? घराण्याला पोर नको? तुला कोण जा म्हणतंय? कपाळावर कुंकू हाय ना तुझ्या?" मग मुंबईला फोन लागला. नवऱ्याने पहिला प्रश्न काय विचारला, तर "कुणी दाखवलंन तुला?" त्याला लाज वाटली नाही, त्याला पासवर्ड बदलावासा वाटला. तासाभरात तिच्या फोनवरचं ते ॲप बंद झालं.

सोसायटीने जे केलं ते सांगताना मला अजून हसू येतं, चांगलं हसू नव्हे. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. तिसऱ्या दिवशी तीन जणी एकेकट्या माझ्याकडे आल्या आणि आधीच्या ऑर्डरी कशा बघायच्या ते शिकून गेल्या. तिघीही म्हणाल्या, "सहज." बोटीवाल्याच्या बायकोने तर माझ्यासमोरच बसून नवऱ्याची यादी तळापर्यंत ओढली. शेवटी केस उगवायच्या तेलाशिवाय काही निघालं नाही तेव्हा तिने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "त्या मुलीचंच काहीतरी चुकलं असणार हो. पुरुष उगीच नाही जात." आपला नवरा सुटल्याबरोबर तिने दुसऱ्याचाही सोडून दिला.

सेक्रेटरीणबाईचं मत आणखी भारदस्त. "घराबाहेर तर काढलेली नाही ना? मग गप्प राहावं. सवाष्ण म्हणून मान आहे तो काय कमी आहे?"

मुलगी मात्र गप्प राहिली नाही. तिने आवाज केला नाही, पण हालचाल सुरू केली. मिरजोळ्याला एका आंब्याच्या कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. स्वतःच्या नावावर सिमकार्ड घेतलं. कोर्टाच्या आवारात गरिबांना फुकट वकील देतात, तिथे एक वकीलबाई तिला मिळाली. पोटगीचा अर्ज करायचा, बँकेत खातं काढायचं, मग वेगळी खोली बघायची, असं तिने मला पायरी-पायरीने सांगितलं. मी म्हटलं, "शाब्बास. काही लागलं तर सांग. मी आहे." हे मी म्हटलं होतं, ते आता नाकारून चालणार नाही.

पौषात सेक्रेटरीणबाई वर आली. वाणाची ऑर्डर द्यायला असेल म्हणून मी चष्मा शोधू लागले. ऑर्डर तर होतीच, चाळीस काचेच्या बरण्या. पण ती झाल्यावर ती म्हणाली, "आणि काकू, यंदा तुम्ही पण यायचं हळदीकुंकवाला. आम्ही नाही हो तसलं काही मानत आता. जग कुठे चाललंय!" दारापर्यंत गेली आणि वळली. "ती खालची मुलगी तुमच्याकडे येते-जाते ना, तिला जरा समजावा. तुमचा शब्द मानते. बिल्डिंगमध्ये कोर्ट, पोलीस, हे नको. लोक काय, बोलायला मोकळे. म्हणतील काकूंनीच फूस लावली. एकट्या राहता तुम्ही, उद्या काही लागलं-सवरलं तर आम्हीच आहोत ना?"

आमंत्रण आणि धमकी तिने एकाच ताटात वाढली होती. मला ते स्पष्ट दिसलं. ती गेल्यावर मी मनात तिला यथेच्छ शिव्या दिल्या. काय पण सुधारणा! चार वर्षं जिची सावली चालत नव्हती, तिला आता गरजेपुरतं पवित्र करून घेताहेत. जायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं. आणि हळदीकुंकवाच्या शुक्रवारी दुपारी मी कपाटातून मोतिया रंगाची सिल्कची साडी काढली, तिच्या घड्या हाताने सारख्या केल्या, आणि संध्याकाळी सहा वाजता खाली गेले.

बायकांनी मला जागा करून दिली. कुणी हाताला अत्तर लावलं, कुणी गुलाबपाणी शिंपडलं. सेक्रेटरीणबाई करंडा घेऊन माझ्यासमोर आली तेव्हा तिचं बोट कुंकवाशी जरा अडलं, मग तिने नुसती हळद लावली आणि घाईने गजरा दिला. वाण म्हणून मला काचेची बरणी मिळाली, माझ्याच फोनवरच्या नंबराने सोडवलेली. एरवी या सगळ्यावर मी आठवडाभर हसले असते. तेव्हा हसू आलं नाही. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. माणसांत बसल्याला मला किती दिवस झाले होते ते तिथे बसल्यावर कळलं. समोरच्या खुर्चीवर तळमजल्यावरची मुलगी बसली होती. एकेक बाई तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढत होती आणि 'अखंड सौभाग्यवती' म्हणत होती. नालासोपाऱ्याला एव्हाना बारसं झालं असेल. ते म्हणताना कुणाचाच आवाज बदलला नाही. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिळगुळाची वडी तोंडात टाकली आणि शेजारणीला काहीतरी विचारलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती वर आली. कारखान्याचा निळा कोट अजून अंगावर होता. सासू मासळीला गेलेली. उंबऱ्याशीच पार्सल पडलेलं होतं, सेक्रेटरीणबाईचं. मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

"काकू, वकीलबाई म्हणतात अर्जावर पत्ता लागतो. कोर्टाचे कागद येतील, बँकेचं कार्ड पण येईल. घरी आलं की सासू फोडते. माहेरचा दिला तर भाऊ फोडतो नि मग नांदायला जा म्हणून मागं लागतो. तुमच्या पत्त्यावर आलं तर चालंल काय? मी इथूनच घेऊन जाईन. कुणाला कळायचं नाय."

चार वर्षांत माझ्या पत्त्यावर काय काय आलं होतं! गाउन, पर्सा, गोरं करणारी मलमं, पोट आत ओढणारे पट्टे. खोटेपणाला लागणारं सगळं सामान मी सह्या करून आत घेतलं होतं. आणि आता सरळ उभं राहायला निघालेली एकटी मुलगी माझ्याकडे चार कागदांपुरती जागा मागत होती. तिला दुसरा पत्ता नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मला पाकीट दिसलं, कोर्टाचा शिक्का असलेलं, खाली पत्रांच्या पेट्यांजवळ कुणीतरी उलटं-पालटं करून बघत असलेलं. मला सेक्रेटरीणबाईचा चेहरा दिसला. 'काकूंनीच फूस लावली.' मला हळदीकुंकवातली माझी खुर्ची दिसली, चार वर्षांनी मिळालेली.

"इथे नको गं," मी म्हटलं. आणि ती काही विचारायच्या आत पुढे म्हणाले, "म्हणजे माझं काही नाही. पण मुलाला विचारायला हवं. त्याला आवडायचं नाही."

बायका नवऱ्याच्या नावामागे लपतात म्हणून मी चार वर्षं नाक मुरडत होते. लपायची वेळ आली तेव्हा मला नवरा नव्हता, तर मी मुलगा काढला. त्या मुलाला मी काही विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. त्याने 'दे की, त्यात काय' म्हटलं असतं, म्हणून नाही विचारलं. साऱ्या बिल्डिंगमध्ये कुणाची परवानगी घ्यायला लागत नाही अशी मी एकटी बाई, आणि मी परवानगी मागायला माणूस शोधून काढला. सेक्रेटरीणबाईला मी काय हसणार? ती निदान गाउनापुरतं खोटं बोलते.

मुलीला सगळं समजलं, हे मला समजलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "बरं, काकू. बघते मी दुसरीकडे."

मग वळली, आणि उंबऱ्याशी पडलेलं सेक्रेटरीणबाईचं पार्सल तिने उचललं. "तुमचे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "खाली जातेच हाय मी, देते त्यांना."

आणि मी ते तिला नेऊ दिलं.